पन्नासचा पिस्टन

गेल्या पावसाळ्यात माझी स्प्लेंडर इतका निळा धूर सोडायला लागली, की सोसायटीचा वॉचमन एकदा म्हणाला, "साहेब, डासांची फवारणी आठवड्यातून एकदाच असते. तुम्ही रोजच करताय."

मिस्त्रीने किक मारली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि नाडी बघून झालेल्या वैद्यासारखा म्हणाला, "हाफ इंजिनने भागणार नाही, फुल खोलावं लागेल. सगळं नवं टाकलं तर 14 हजार. तेवढे गाडी विकूनही यायचे नाहीत. त्यापेक्षा मिक्समध्ये बांधू."

मिक्समध्ये बांधता येतं, कारण या गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. 1985 साली सीडी-100 आली तेव्हा तिच्या पोटात 97.2 सीसीचं इंजिन होतं. 1994 ची स्प्लेंडर आणि 2001 ची पॅशन त्याच इंजिनावर निघाल्या. टाकी बदलली, दिवा बदलला, पोट तेच. त्यामुळे एकीचं पोलकं दुसरीला होतं. मिस्त्रीच्या फळीवर हेड सीडीचं निघालं, ब्लॉक पॅशनचा, आणि क्रँक कुठल्याशा ठोकलेल्या स्प्लेंडरचा. सगळं कंपनीचंच, फक्त कुणाकुणाचं तरी. "केस मात्र तुमचीच ठेवू," तो म्हणाला. "इंजिन नंबर तिच्यावर कोरलेला असतो. ती बदलली तर आरटीओत चकरा."

पिस्टन नवा आणायची कामगिरी माझ्यावर आली. मी अभ्यास करून गेलो होतो: बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 49.5. दुकानदाराने साइज विचारताच ऐटीत म्हणालो, "पन्नासचा द्या." त्याने दिला. मिस्त्रीने ब्लॉकमध्ये घालून पाहिला, तर जाईना. मग त्याने पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा मला दाखवला: 0.50. या धंद्यात पन्नास म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. मूळ मापाच्या पिस्टनला 'स्टँडर्ड' म्हणतात, हे माझ्या अभ्यासात आलं नव्हतं.

"राहू द्या," मिस्त्री हसून म्हणाला. "ब्लॉक तसाही घासलेलाय. पन्नासचा बोअर मारून आणतो." आणि माझी चूक लेथवर बसवून आणली.

आपल्याकडे ही विद्या घरोघरची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी जुन्या सुट्या भागांतून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिची वाहवा केली आणि पुढच्याच महिन्यात त्या जीपच्या बदल्यात लोहारांच्या दारात नवी बोलेरो आली. पण त्याही आधी आमच्या आजीने तिचं लुगडं, आजोबांचं धोतर आणि माझ्या मुंजीतला सदरा एकत्र टाचून गोधडी शिवली होतीच. तिला कुणी जुगाड म्हटलं नाही एवढंच.

आमचं खारघर तरी वेगळं काय आहे? केस इथली: ओवे, मुर्बी, कोपरा ही गावं. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने त्या केसमध्ये सेक्टर बसवले आणि आम्ही सुटे भाग चहूकडून येऊन पडलो. आमच्या मजल्यावर सातारा, त्रिशूर, पाटणा आणि जळगाव आहे. पहिली दोन वर्षं पार्किंगवरून फार खडखड होती. आता गणपतीच्या आरतीला त्रिशूरच्या काकू सगळ्यांत वरच्या पट्टीत गातात.

"रिंगा बसायला वेळ द्या," गाडी देताना मिस्त्री म्हणाला. "पहिले 500 किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." नवी रिंग आणि नवा बोअर एकमेकांना घासून घासूनच जुळतात, त्याला दुसरा उपाय नाही. म्हणून पंधरा दिवस उत्सव चौक ते सेंट्रल पार्क मी वरातीतल्या नवरदेवाच्या चालीने गेलो. डोक्यावरून मेट्रो जायची, बाजूने रिक्षावाले काय काय बोलून जायचे. धूर मात्र थांबला. वॉचमनने चौकशी केली, "साहेब, फवारणी बंद?"

रात्री मी हिशेब मांडला. अर्ध्या मिलिमीटरच्या बोअरने माझी गाडी 97.2 ची 99.1 सीसी झालीय. आरसी बुकात अजून जुनाच आकडा आहे. हे वरचे जवळजवळ दोन सीसी कंपनीचे नाहीत, मिस्त्रीचेही नाहीत. ते निव्वळ माझ्या अडाणीपणाचे आहेत, आणि चढावर ते मला स्पष्ट जाणवतात.