टाच टेकेपर्यंत

उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात पाहा. त्यात दोन फोटो असतात, एक ‘आधी’चा आणि एक ‘नंतर’चा. दोन्हींत तोच तरुण असतो, दुसऱ्यात दोन-तीन इंच उंच. या दोन फोटोंच्या मधे जवळपास एक वर्ष जातं आणि ते वर्ष जाहिरातीत कुठेच दिसत नाही. मला त्या वर्षाबद्दल बोलायचं आहे. शस्त्रक्रिया काही तासांत उरकते. पाय सावरतो किंवा कायमचा बिघडतो तो त्या वर्षात.

आधी हिशेब मांडू. मांडीचं किंवा नडगीचं हाड कापतात आणि पाच-सात दिवस थांबतात. मग कापलेली दोन टोकं रोज साधारण १ मिलिमीटर दूर सारतात, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मधल्या फटीत शरीर नवं हाड तयार करत जातं. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. म्हणजे ७६ दिवस नुसतं ताणणं, आणि नडगी असेल तर बहुतेकदा वेग आणखी कमी ठेवावा लागतो. हे नवं हाड सुरुवातीला कच्चं असतं. ते वजन पेलण्याइतकं पक्कं व्हायला ताणण्यापेक्षाही जास्त दिवस लागतात. सगळं मिळून सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना धरा. साडेसात सेंटिमीटरला आठ ते अकरा महिने झाले. तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. आत रॉड घातला असेल तर तो काढायला पुढे आणखी एक शस्त्रक्रिया.

हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. मग तो पॅकेजच्या पहिल्या पानावर का छापत नाहीत?

या तंत्राबद्दल मला आदर आहे. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रिंगा आणि तारांचं आपलं साधन उभं केलं. त्याच्यासमोरचे रुग्ण युद्धात, अपघातात हाडं मोडलेले, वर्षानुवर्षं हाड न जुळलेले असे होते. वालेरी ब्रुमेलने १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुरा झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव्हने तो पाय पुन्हा उभा केला. १९८०च्या दशकात हे तंत्र इटलीमार्गे जगभर गेलं. आपल्याकडे अकोल्यात या तंत्राला वाहिलेलं केंद्र आहे. पोलिओने आखूड झालेला पाय, अपघातानंतर न जुळलेलं हाड, जन्मापासून वाकडी असलेली नडगी, अशा माणसांना या रिंगांनी चालतं केलं आहे.

पण एक फरक ध्यानात ठेवा. मोडका पाय घेऊन आलेल्या माणसाला उपचारात थोडा त्रास झाला, तरी बहुतेकदा तो होता त्याहून पुढे जातो. धडधाकट पाय घेऊन आलेल्याला काही बिघडलं, तर तो होता त्याहून मागे जातो. सुई तीच, तारा त्याच, सर्जनही कदाचित तोच. धोक्याचा अर्थ मात्र बदलतो. म्हणून इथे निगा दुप्पट कडक हवी. प्रत्यक्षात ती निम्मीच मिळते.

आता त्या वर्षात शिरू. हाड ऐकतं, ताणलं की वाढतं. स्नायू आणि नसा इतक्या सहज ऐकत नाहीत. नडगी लांबली की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर अपुरी पडते. ती टाचेला वर खेचते. पाऊल खाली झुकतं, माणूस चवड्यांवर उभा राहतो, टाच जमिनीला टेकत नाही. मांडीचं हाड लांबवलं तर गुडघा आखडतो, कंबर पुढे झुकते. हे टाळायचं तर रोज, दिवसातून अनेकदा पोटरी आणि मांडी ताणायची. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा बांधायचा. फिजिओथेरपी ही इथे जोडीची गोष्ट नव्हे, शस्त्रक्रियेइतकीच मोठी गोष्ट आहे. एक आठवडा कंटाळा केला, तर गेलेला वाक परत मिळवायला महिने लागतात. कधी ती शीर कापून लांब करावी लागते.

घरच्यांसाठी एक सूचना. पोराचा पाय दुखतोय म्हणून आई गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. ती उशी काढा. वाकलेला गुडघा आरामाचा वाटतो आणि तसाच आखडून बसतो. आधार द्यायचा तर टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा सरळ राहील. एवढी साधी गोष्ट घरी पाठवताना कुणी सांगितली नाही, तर तो दवाखान्याचा अपराध आहे.

पायाच्या अंगठ्याकडे रोज पाहा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक नस खाली उतरते. ती ताणली गेली की पावलावर मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो, मग अंगठा वर उचलत नाही आणि शेवटी पाऊल लोंबतं. पहिल्या मुंग्यांनाच कळवलं तर ताणण्याचा वेग कमी करता येतो, थांबता येतं, वेळ पडली तर नस मोकळी करता येते. ‘थोडं दुखणारच’ म्हणून दहा दिवस सोसलं, तर तो लोंबता पाय आयुष्यभर सोबत येऊ शकतो.

बाहेर रिंग असेल तर प्रत्येक तारेचं तोंड ही उघडी जखम असते. डॉक्टर सांगतील तशी ती रोज स्वच्छ करायची. हळद, तूप, शेजारच्या काकूंचं मलम, काहीही लावायचं नाही. लाली वाढली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा. सिगारेट बंद, कारण तिने हाड भरणं मंदावतं. दुखतंय म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणायच्या नाहीत; काही वेदनाशामकं हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. आणि पोटरी अचानक सुजली, छातीत दुखलं, धाप लागली तर सकाळची वाट पाहायची नाही. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर माणूस मरू शकतो.

ताणण्याच्या काळात दर आठवड्या-पंधरवड्याला एक्स-रे हवा. फार भरभर ताणलं तर फट भरत नाही. फार हळू ताणलं तर हाड आधीच जुळून बसतं आणि पुन्हा कापावं लागतं. हाड तिरकं सरकलं तर पाय वाकडा होतो. ही रोजची देखरेख आहे. एकदा रॉड टाकून, घरी पाठवून संपणारं काम नाही.

ड्रोर पेली या सर्जनने १९९०मध्ये हाडं लांबवताना येणाऱ्या संकटांची वर्गवारी मांडली. शस्त्रक्रियेशिवाय सुटणारी, शस्त्रक्रिया करून सुटणारी, आणि उपचार संपल्यावरही उरणारी. मला ही वर्गवारी एका जिन्यासारखी दिसते. पहिल्या पायरीवरचा माणूस दुर्लक्षाने दुसरीवर घसरतो आणि दुसरीवरचा तिसरीवर. ती घसरण थांबवण्यालाच निगा म्हणतात. तिच्यासाठी भारी यंत्र लागत नाही. पाहणारा डोळा आणि उचलला जाणारा फोन लागतो.

यंत्रांचंही ऐका. आता चुंबकावर चालणारे रॉड हाडाच्या आत बसतात, बाहेर रिंग नसते. ही खरोखरच सुधारणा आहे, तारांच्या जखमा टळतात. पण पोटरीला, नसांना रिंग आहे की रॉड हे कळत नाही. त्या ताणल्याच जातात. २०१८मध्ये ‘स्ट्राइड’ नावाचा रॉड आला. त्यावर लवकर पूर्ण वजन टाकून चालता येई, म्हणून उंची वाढवायला निघालेल्यांना तो वरदान वाटला. रॉडच्या सांध्याजवळ हाडात बदल दिसू लागले आणि २०२१मध्ये कंपनीला तो बाजारातून परत घ्यावा लागला. ज्यांच्या पायात तो आधीच बसला होता, त्यांना तपासण्या चुकल्या नाहीत. ‘नवीन तंत्रज्ञान’ हे शब्द ऐकून सही करणाऱ्याने २०२१ हे साल लक्षात ठेवावं.

आणि आपली घरं? या महिन्यांत मांडी घालून बसता येत नाही, उकिडवं तर नाहीच. भारतीय पद्धतीचं शौचालय बंद. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला म्हणजे कैद. वॉकर, कमोडची खुर्ची, कुणीतरी चोवीस तास घरात. नोकरीतून किती महिने सुट्टी? हप्ता कोण भरणार? ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण इथे शब्दशः लागू आहे. अंथरूण म्हणजे फक्त पैसे नव्हेत. वेळ, माणसं, जिना, संडास, सगळं त्यात आलं.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येतो. २०१६मध्ये हैदराबादला एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा बेपत्ता झाला म्हणून आईवडील पोलिसांकडे गेले आणि तो सापडला रुग्णालयात, दोन्ही पाय अडकलेल्या अवस्थेत. मोठा गदारोळ झाला. सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीराचा निर्णय घ्यावा, हे मला मान्य आहे. पण ज्या उपचाराला वर्षभर कुणाचा तरी खांदा लागतो, तो लपूनछपून होऊच शकत नाही. ‘घरी कोण सांभाळणार?’ हा प्रश्न न विचारता ज्याने सुरी हातात घेतली, त्याने संमती घेतली नाही, फक्त सही घेतली.

मुलं लपवतात का? आपण त्यांना लाजवतो म्हणून. ‘बुटका’, ‘ठेंगणा’ हे शब्द शाळेत कोण शिकवतं? लग्नाच्या स्थळात उंचीचा रकाना पगाराच्या वर कोण छापतं? ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असं तोंडाने म्हणायचं आणि मुलगी दाखवताना मुलाला बूट घालून उभं करायचं, हा दुटप्पीपणा आपला आहे. त्या दुटप्पीपणाचं बिल पोरं हाडांनी भरतात. काहींना उंचीचा ध्यास एखाद्या आजारासारखा लागलेला असतो. हाड कापून तो जात नाही. त्यांना सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ भेटायला हवा.

आणि पाय बिघडल्यावर पुन्हा तीच लाज. परदेशात किंवा परराज्यात शस्त्रक्रिया करून परतलेल्याच्या तारेची जखम चिघळते, पाऊल लोंबतं. तो गावातल्या हाडांच्या डॉक्टरकडे जातो. तिथे ऐकू येतं, ‘ज्यांनी केलं त्यांच्याकडेच जा.’ घरी ऐकू येतं, ‘हौस होती ना? भोग आता.’ मी हे वाक्य ठामपणे नाकारतो. दारू पिऊन गाडी आपटणाऱ्याचंही हाड आपण जोडतो. पुवाने भरलेला पाय हौसेचा की गरजेचा, हे विचारायची ती वेळ नव्हे. आधी पाय वाचवा.

चीनने २००६मध्ये निव्वळ दिसण्यासाठीच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. बंदीने माणूस थांबतो असं मला वाटत नाही; तो विमान पकडतो आणि निगा आणखी दूर जाते. मला बंदी नको, हिशेब हवा.

तो हिशेब असा. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हातात, त्याच्या भाषेत, वर्षाचं वेळापत्रक द्या: कोणत्या आठवड्यात एक्स-रे, रोज किती वेळ फिजिओ, कोणत्या लक्षणाला कुठे फोन. राहत्या शहरातला एक डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट आधी ठरवा, त्यांच्याशी बोला, मग तारीख द्या. सांभाळणाऱ्या माणसाला समोर बसवून सगळं समजावा. बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे पॅकेजमध्ये लिहा. आणि गरज पडेल तेव्हा अडीच इंचांवर थांबायची तयारी डॉक्टर आणि रुग्ण, दोघांनीही आधीच ठेवा. तिसऱ्या इंचासाठी नस गमावलेल्याला उंच म्हणत नाहीत.

एवढं करायला जो दवाखाना तयार नाही, त्याच्या पायऱ्या चढू नका. अजून तुम्हाला त्या चढता येतात, हे मोलाचं आहे.

आणि जाहिरातवाल्यांनो, भिंतीपाशी उभा राहिलेला तो ‘नंतर’चा फोटो मला नको. वर्षभराने त्याच मुलाला कठडा न धरता जिना उतरताना दाखवा. त्याला उकिडवं बसून उठताना दाखवा. कॅमेरा डोक्यापाशी नको, खाली आणा. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या दिसल्या, तरच म्हणा की शस्त्रक्रिया झाली.