तात्या निराश होतात

जगाने डोक्यावर घेतलेला सिनेमा पाहून नाक मुरडायचं काम आमच्या सोसायटीत तात्यांकडे आहे. धंदा करणाऱ्या मसालापटांच्या वाटेला ते जात नाहीत. तिथे निराश व्हायला अक्कल लागत नाही, म्हणतात. यंदा फिल्म क्लबात लागला ओझूचा ‘टोकियो स्टोरी’. 1953 सालचा, आणि 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या कौलात जगभरच्या दिग्दर्शकांनी पहिल्या नंबरवर बसवलेला. तात्या पुढच्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं.

“म्हातारा-म्हातारी सामान भरतात. हवेची उशी सापडत नाही. तुझ्याकडे दिली, माझ्याकडे नाही दिलीत! शेवटी निघते त्याच्याच सामानात. बरं, टोकियोला निघालेत, तर गाडीत बसलेले तरी दाखवा! नाही. डायरेक्ट मुलाच्या घरी. उशीला वेळ आहे, आगगाडीला नाही! आणि कॅमेरा सव्वादोन तास पंगतीला बसल्यासारखा खालीच.”

“तीच तर ओझूची...”

“थांबा हो.”

खरा राग शिगेवर होता. ही थोरली लेक, पार्लर चालवते. नवरा सासू-सासऱ्यांसाठी भारीतली मिठाई आणतो, तर ‘त्यांना एवढी महागाची कशाला’ म्हणत हीच तोंडात टाकते. आईचे अंत्यविधी उरकून जेवायला बसल्या बसल्या तिचा किमोनो मागते. “आणि तिला कुणी एक शब्द बोलत नाही! ‘बागबान’मध्ये अमिताभने भर समारंभात कसं सुनावलं! इथे बाप आपला हं हं करतोय. शेवटी धाकटी मुलगी विधवा वहिनीला विचारते, आयुष्यात निराशाच पदरी पडते ना? वहिनी चक्क हसून हो म्हणते. म्हणजे त्यांनाही कबूल आहे!”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमाचं सार इतकं नेमकं मी कुठल्या परीक्षणातही वाचलेलं नाही.

अतामीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. आईबाप घरात अडचण नकोत म्हणून मुलं त्यांना अतामीच्या स्वस्तातल्या हॉटेलात धाडतात, तिथल्या गोंगाटात त्यांचा रात्रभर डोळा लागत नाही. मे महिन्यात चिपळूणहून तात्यांचे थोरले बंधू आणि वहिनी आले होते. तिसऱ्याच दिवशी तात्यांनी त्यांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढची सीट मिळाली नाही म्हणून वहिनींची कंबर धरली होती.

पुढच्या महिन्यात क्लबात ओझूचाच ‘लेट स्प्रिंग’ आहे. तात्यांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे.