बाकावरचा बडबड्या

आइस हॉकीच्या कोचने कसं दिसावं याचा एक अलिखित दंडक आहे. अंगात सूट, गळ्यात टाय, हाताची घडी, जबडा आवळलेला. पुढे बाकावर खेळाडू घामाने निथळताहेत, समोरच्या काचेवर माणसं आदळताहेत, आणि हा मागे उभा. चेहरा असा, की सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघालाय. ब्रूस बूद्रो या दंडकात कधी बसलाच नाही. गोल देह, टक्कल, लालबुंद चेहरा आणि अखंड चालणारं तोंड. दोस्तांनी नाव ठेवलं ‘गॅबी’, म्हणजे बडबड्या. पुढे आत्मचरित्र आलं, तेव्हा गड्याने तेच नाव मुखपृष्ठावर मिरवलं.

२०१० च्या डिसेंबरात एचबीओ वाहिनीचे कॅमेरे त्याच्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघामागे फिरत होते. मुहूर्त असा लागला, की त्याच सुमारास संघ ओळीने आठ सामने हरला. खेळाडूंच्या खोलीतली त्याची भाषणं वाहिनीने जशीच्या तशी दाखवली. त्यातल्या शिव्या गाळल्या असत्या तर मोजकी क्रियापदं उरली असती. प्रेक्षकांच्या लक्षात दोन गोष्टी राहिल्या: या शिव्या, आणि मुलाखत देताना तोंडाला लागलेला बार्बेक्यू सॉस. एक तोंडातून बाहेर येत होती आणि दुसरी आत जाता जाता राहिली होती.

असा माणूस कोच झाला कसा? त्यासाठी खेळाडू बूद्रो पाहिला पाहिजे. १९७४-७५ च्या मोसमात टोरांटो मार्लबोरोज या ज्युनिअर संघाकडून त्याने ६८ गोल केले आणि गोल-पास धरून १६५ गुण मिळवले. त्या ज्युनिअर लीगमधला तो तेव्हाचा विक्रम. पोरगा टोरांटोचा, ज्युनिअर संघ टोरांटोचा, आणि निवडही टोरांटो मेपल लीफ्सनेच केली. पत्रिका याहून काय चांगली असते! पण मांडव घातला आणि वऱ्हाड आलंच नाही. सतरा वर्षं तो व्यावसायिक हॉकी खेळला. त्यात एनएचएलचे, म्हणजे मुख्य लीगचे, सामने १४१. तिथे एका मोसमात ऐंशीच्या आसपास सामने असतात. म्हणजे सतरा वर्षांत दोन मोसमसुद्धा पुरे भरले नाहीत.

उरलेलं आयुष्य गेलं खालच्या लीगमध्ये. तिथे मात्र तो राजा. एका पायरीने खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये ६३४ सामन्यांत ७९९ गुण. वर बोलावणं यायचं, चार दिवस पाहुणचार व्हायचा, परत पाठवणी. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतलं एक गाव पेनसिल्व्हेनियातलं जॉन्सटाउन, पोलादाच्या गिरण्यांचं. तिथल्या संघाकडून तो खेळत असताना ‘स्लॅप शॉट’ या सिनेमाचं चित्रीकरण झालं. नायक पॉल न्यूमन, विषय रडतखडत चाललेला हॉकी संघ. १९७७ साली सिनेमा आला, त्यात बूद्रो गर्दीतला एक खेळाडू म्हणून ओझरता दिसतो. न्यूमनच्या पात्राची जी अस्ताव्यस्त खोली पडद्यावर आहे ती आपलीच, असं तो आजही छाती फुगवून सांगतो. नेपथ्यकाराला फक्त दार उघडावं लागलं असेल.

आता या खेळातलं एक गुपित सांगतो. बर्फावर एका वेळी संघाचे सहा जण, गोलकीपर धरून. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, मग कठड्यावरून आत उडी टाकायची आणि ताजा गडी बाहेर. खेळ चालूच असतो, पंचाला विचारायचं नाही. म्हणजे साठ मिनिटांच्या सामन्यात चांगला खेळाडूसुद्धा चाळीसेक मिनिटं बसून असतो. चौथ्या फळीतला तर पन्नास. बसणं हाच त्याचा मुख्य व्यवसाय. आणि बसलेला माणूस दुसरं काय करणार? बघतो. कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, कुणाला रागावलं तर पेटतो आणि कुणाला रागावलं तर विझतो, हे सगळं त्या बाकावरून फुकट दिसतं.

उलट वेन ग्रेट्स्की. एनएचएलमध्ये ८९४ गोल; हॉकीतला देवच. बाकावर त्याला कोण बसू देणार? २००५ ते २००९ अशी चार वर्षं तो फिनिक्सच्या संघाचा कोच होता. एकदाही प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, गाठता आली नाही. पक, म्हणजे हॉकीतली चकती, कुठे येणार हे त्याला आधीच दिसायचं. ज्याला दिसत नाही त्याला ते सांगायचं कसं, हा प्रश्न त्याच्यासमोर जन्मात कधी आला नव्हता. स्कॉटी बोमनच्या डोक्याला ज्युनिअर हॉकीतच जबर दुखापत झाली; कोच म्हणून त्याने एनएचएलच्या विजेत्याला मिळणारे स्टॅनली कप नऊ वेळा जिंकले. डॉन चेरी एनएचएलमध्ये एकच सामना खेळला आणि बोस्टनचा गाजलेला कोच झाला. अर्थात बाक दगाही देतो. १९७९ च्या उपांत्य फेरीत माँट्रियलविरुद्ध सातव्या सामन्यात चेरीचा संघ पुढे होता, शेवटची दोन-अडीच मिनिटं उरली होती, आणि गडबडीत बाकावरून एक गडी जास्तच उतरला. पेनल्टी, बरोबरी, जादा वेळ, पराभव. चेरीची नोकरीही त्याच उन्हाळ्यात गेली.

बाकावरून घडलेल्या कोचांची ही जात आपल्याला नवी नाही. क्रिकेटचे गुरू आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. अमोल मुजुमदारने रणजीत धावांचे डोंगर रचले, भारताची टोपी काही मिळाली नाही. २०२५ साली नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा कोच तोच होता.

बूद्रो १९९२ साली कोच झाला आणि पुन्हा पहिलीपासून शाळा सुरू झाली. मस्कीगन, फोर्ट वेन, मग मिसिसिपी. मेक्सिकोच्या आखाताकाठी, जिथे बर्फ फक्त सरबतात सापडावा, तिथल्या संघाला त्याने १९९९ साली त्या लीगचा केली कप जिंकून दिला. पुढे लोवेल, मँचेस्टर, आणि चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेलं हर्शी गाव, तिथे २००६ चा कॅल्डर कप, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगचं विजेतेपद. पंधरा वर्षं अशी गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये, ऐन थँक्सगिव्हिंगच्या सणाला, वॉशिंग्टनने त्याला बोलावलं. संघ लीगच्या तळाशी होता, आणि त्यात ओव्हेचकिनसारखा रत्नासारखा खेळाडू वैतागून बसला होता. बूद्रोने जुन्या पोथ्या मिटल्या आणि सांगितलं, पोरांनो, पुढे जा, गोल करा. मोसम संपेपर्यंत संघ आपल्या गटात पहिला आणि बूद्रो वर्षातला सर्वोत्तम कोच.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. प्लेऑफमध्ये सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जातो. तीन-तीन झाले की सातवा निर्णायक. बूद्रोचे असे सातवे सामने झाले आठ, आठही घरच्या बर्फावर. जिंकला एक. २०१० मध्ये तर त्याचा संघ साखळीत अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, माँट्रियलविरुद्ध ३-१ ने पुढे होता. मग माँट्रियलच्या हालाक नावाच्या गोलकीपरच्या अंगात आलं. सहाव्या सामन्यात त्याने ५३ फटके अडवले, आणि सातव्यात बूद्रो घरी. पुढे अनाहाइमचा कोच असताना ओळीने चार वर्षं गटविजेतेपद, आणि ओळीने चार वर्षं सातव्या सामन्यात हार. शनीसुद्धा साडेसात वर्षांनी उठतो.

नोकऱ्या जाण्याचाही त्याने शिरस्ता पाडला. २८ नोव्हेंबर २०११ ला वॉशिंग्टनने काढलं, ३० तारखेला अनाहाइमने घेतलं. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर, मधे फक्त कपडे बांधण्यापुरता वेळ. मिनेसोटाने हातात नारळ दिला तो १४ फेब्रुवारीला, प्रेमदिनी. व्हँकुव्हरमध्ये तो आला आणि हरणारा संघ जिंकू लागला, तेव्हा प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करायला लागले. गजर खेळाडूंचा होतो, कोचचा कोण करतं? जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या जागी कोण येणार याची चर्चा उघडउघड चालू होती आणि हा रोज कामावर येत होता. शेवटच्या रात्री संघ हरला, तरी गजर थांबेना. बडबड्याला प्रथमच शब्द सुचले नाहीत, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी काढून टाकल्याची बातमी आली.

एनएचएलमध्ये कोच म्हणून त्याचे विजय ६१७. स्टॅनली कपावर विजेत्या संघाच्या खेळाडूंबरोबर कोचचंही नाव कोरतात. त्यात बूद्रो नाही. उन्हाळ्यात ओंटारिओत मुलांसाठी हॉकीची शाळा मात्र त्याने वर्षानुवर्षं चालवली. मला विचाराल तर सही ग्रेट्स्कीची घ्यावी आणि पोरगं बूद्रोकडे शिकायला पाठवावं. चार शिव्या शिकेल, पण खेळही शिकेल.