डिझेल उडते तेव्हा

पेट्रोल उडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेलही उडते, हे आम्हाला गेल्या आठवड्यात कळले. कोपऱ्यावरचा जुना पंप बंद झाला, त्या जागी टॉवर उभा राहिला, टॉवरच्या बोअरला रॉकेलसारखा वास सुटला, सोसायटीने अर्जांवर अर्ज केले आणि यथावकाश समिती येऊन गेली. समितीच्या अहवालात एक वाक्य आहे : 'जमिनीखालील टाक्यांतील उर्वरित डिझेल व पेट्रोल कालौघात हवेत उडून गेल्याचे दिसून येते.'

उडून गेलेली वस्तू दिसून येते! अशी दृष्टी मिळवायला माणसाला आधी समितीवर जावे लागते.

आता टाकी कुठे होती, तर जमिनीखाली. वर काँक्रीट, त्यावर ट्रक उभे. हवेशी संबंध म्हणाल तर एक व्हेंट पाइप. त्यातून पेट्रोलची वाफ निसटते, हे मान्य. पण डिझेल? ट्रकवाल्याच्या डिझेलने भिजलेल्या पॅन्टला विचारा. ती आठ दिवस दोरीवर वाळत घातली तरी घरातले तिला आत घेत नाहीत. तेच डिझेल पुरलेल्या बंद टाकीतून मात्र फुलपाखरासारखे उडून गेले.

या उडण्याची परंपरा जुनी आहे. पंपावर रोज सकाळी टाकीत रॉड घालून डिप काढतात, रजिस्टरमध्ये लिहितात, विक्रीशी ताळा बसवतात. ताळा बसला नाही की तूट, आणि तूट म्हणजे उडाले. जुन्या टाक्या एकेरी पत्र्याच्या, एकेका टाकीत वीस-वीस हजार लिटर माल. पत्रा बाहेरून मातीच्या ओलीने खायचा, आतून तळाशी साचलेल्या पाण्याने. कुठेतरी टाचणीएवढे भोक पडायचे. भोक खाली, रजिस्टर वर. खाली गळायचे आणि वर उडायचे.

खाली गळलेले जाते कुठे? आपल्याकडे वर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळ दिसायला अखंड, पण पोटात भेगाच भेगा. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पाण्याबरोबर वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते आणि जाता-येता माती माखत राहते. भेग नेईल तिकडे जाते. त्यामुळे शेजारची विहीर चकाचक आणि तिसऱ्या गल्लीतली विहीर घाण मारणारी, असेही होते. याचा तपास म्हणजे ठिकठिकाणी खोल भोके पाडायची, वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्यायची, निरीक्षण विहिरी खणून पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे. समितीने काय केले? बागेत दीड फुटाचा खड्डा खणला. बागेतली लाल माती बिल्डरने मागच्याच वर्षी ट्रकने बाहेरून आणून टाकली होती. ती निर्दोष निघाली. ट्रकचे भाडे वसूल झाले म्हणायचे.

पाण्याची तपासणी नाकाने झाली. रकाना : वास. नोंद : 'विशेष नाही.' मुख्य आरोपी बेंझीन आहे, कर्करोग करणारे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, असे जागतिक आरोग्य संघटना धरते. आजच्या पेट्रोलमध्ये ते फार तर १ टक्का असते. जुन्यात बरेच जास्त असायचे. एवढ्या हिशेबाने आजचे एक लिटर पेट्रोलसुद्धा दहा हजार लिटरचे जवळपास ८८ टँकर नासवू शकते. आणि पाण्यातले बेंझीन नाकाला जाणवेपर्यंत ती मर्यादा शेकडो पटींनी मागे पडलेली असते. म्हणजे इथे वास येत असेल तर फारच उशीर झाला आणि येत नसेल तर काहीच कळले नाही. तरी तपासाचे साहित्य नाक. तेही त्याच बिल्डरच्या ऑफिसात चहा पिऊन आलेले.

बरे, इंधन उडाले. शिशाचे काय? २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. त्याआधी वर्षानुवर्षे या टाक्यांतून तेच गळत होते आणि शिसे मातीला धरून बसते. तेही उडाले असणार. मग टाक्या उडाल्या : कागदावर तीन, खोदताना निघाल्या चार, भंगारवाल्याकडे पोचल्या दोन. टाक्या काढल्याचा दाखला उडाला. नकाशा उडाला. जुन्या डिपची रजिस्टरे वाळवीने खाल्ली, म्हणजे तीही एका परीने उडालीच. पाया खणताना निघालेली काळी, चिकट माती रात्रीच्या डंपरमधून उडाली आणि गावाबाहेर कोणाच्या तरी शेताच्या बांधाला भराव म्हणून उतरली. त्या शेतकऱ्याने भाव कमी पडला म्हणून आभारही मानले असतील. खड्ड्यात साचलेले, वर इंद्रधनुष्य खेळणारे पाणी पंप लावून पावसाळी गटारात उडवले. इतके सगळे उडाल्यावर उरला तो फक्त भाव, आणि तोही चौरस फुटामागे गगनाला भिडलेला.

एक गोष्ट मात्र खरोखरच उडते आणि तिचा अहवालात उल्लेख नाही. मातीतली वाफ बेसमेंटच्या फरशीच्या फटींतून वर येते. बेसमेंटमध्ये मीटररूमच्या शेजारी वॉचमनची खोली आहे. खिडकी नाही. तिथे तो, त्याची बायको आणि दोन पोरे झोपतात. तिथली हवा तपासावी असे एकाही साहेबाला वाटले नाही, कारण लिफ्ट तळमजल्यावरूनच वर जाते. हे लोक बिनडोक नाहीत. बेंझीन म्हणजे काय ते यांना नीट माहीत आहे, यांची स्वतःची पोरे विज्ञान शाखेलाच आहेत. कोणाच्या छातीत ते गेलेले चालते, हेही त्यांना नीट माहीत आहे.

सोसायटीने अहवाल एकमताने स्वीकारला. ठराव झाला की खबरदारी म्हणून बोअरचे पाणी सभासदांच्या फ्लॅटला देऊ नये. ते गाड्या धुण्यासाठी, बागेसाठी आणि वॉचमनच्या नळाला वापरावे.