ध्वन्यभावमीमांसा

संगणकातून आवाज न येणे या घटनेचा आपल्याकडे शास्त्रशुद्ध विचार झालेला नाही. लोक सरळ स्पीकरला चापट मारतात. वास्तविक वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगून ठेवले आहेत आणि ते इथे तंतोतंत लागू पडतात. त्यांच्याकडे साउंड कार्ड नव्हते, एवढेच.

ड्रायव्हर टाकण्यापूर्वीचा तो प्रागभाव, मडके घडण्याआधी मडक्याचा असतो तसा. डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे उद्गारचिन्ह ही त्याची खूण. रात्री संगणकाने आपणहून अपडेट घेतला की सकाळी आढळतो तो प्रध्वंसाभाव. त्यावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा उतारा आहे. बटण राखाडी झालेले नसले म्हणजे.

अन्योन्याभावावर मात्र थांबले पाहिजे. घट म्हणजे पट नव्हे, तसे हिरवे भोक म्हणजे गुलाबी भोक नव्हे. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ नियमावलीने ठरवून दिले: हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचा. पण तिन्ही भोके साडेतीन मिलिमीटरचीच, त्यामुळे पिन कुठेही बिनतक्रार बसते. त्यातून ती कॅबिनेटच्या पाठीमागे, टेबलाखाली, अंधारात. अंधार हे द्रव्य की प्रकाशाचा अभाव, यावर मीमांसक आणि नैयायिक पुष्कळ भांडले. टॉर्च धरायला दोघांपैकी कोणी येत नाही.

राहिला अत्यंताभाव. तो मी घरी पाहिला. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला. त्या केबलीतून चित्रासोबत आवाजही जातो, हे मला ठाऊक नव्हते, संगणकाला होते. त्याने सगळा ध्वनी पाहुण्याच्या स्वाधीन केला. मॉनिटरला स्पीकर नव्हते, नाहीत आणि होणारही नाहीत. तरी ‘मी आवाज घेतो’ असे तो संगणकाला बेधडक सांगत होता. सेटिंगमधली आवाजाची पट्टी नाचत होती आणि खोलीत सामसूम. तीन दिवस मी ड्रायव्हर काढत होतो, घालत होतो. चौथ्या दिवशी नववीतली भाची आली. तिने घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतून ‘स्पीकर्स’ निवडले आणि म्हणाली, “मामा, आवाज येतच होता. तो मॉनिटर गिळत होता.”

तेव्हा ड्रायव्हरला हात लावण्याआधी ती यादी उघडून पाहावी, ही विनंती. ग्रंथाचा दुसरा खंड ब्लूटूथवर आहे. हेडफोन सध्या घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनला चिकटल्यामुळे तो रखडला आहे.