देहाची खोती

पालीच्या तिठ्यावर कोल्हापूरकडे जाणाऱ्या एसटीला उशीर झाला, की थांबलेली मंडळी आपापल्या अवयवांची खबरबात देऊ लागतात. सुरुवात गुडघ्यापासून होते, मग शुगर, मग पित्त. "माझा गुडघा हल्ली ऐकतच नाही हो." "माझं पोट सकाळपासून फुगून बसलंय." ह्या ‘माझा-माझं’मधला ताठा मला ओळखीचा वाटतो. तो खोताचा आहे.

रत्नागिरीकरांना खोत समजावून सांगायला नको; बाकीच्यांसाठी दोन ओळी. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तो खोत. चिखलात उतरायचं कुळाने, नांगर धरायचा कुळाने, आणि भात झोडून झालं की अर्धेल नाहीतर तिर्धेल खोताच्या घरी. स्वतः खोत ओटीवर पान जुळवत बसायचा आणि समोरच्या मळ्याकडे बोट दाखवून "माझं शेत" म्हणायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. जमिनीवरची खोती गेली. देहावरची मात्र बिनबोभाट चालू आहे.

तिथला खोत म्हणजे ‘मी’. हा राहतो कुठे? मेंदूत, असं मेंदूचंच म्हणणं आहे; दुसऱ्या कुठल्याही अवयवाने त्याला दुजोरा दिलेला नाही. मेंदूचं वजन सगळ्या देहाच्या शेकडा दोन, आणि बसल्याजागी ऊर्जा खातो शेकडा वीस. खंड वसूल करावा तर असा. शिवाय त्याला स्वतःला काही दुखत नाही, कारण दुखणं टिपणारे मज्जातंतूच त्याच्यात नाहीत. म्हणून तर पेशंट जागा असताना, डॉक्टरांशी बोलत असताना त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. राबतो गुडघा, झिजतो गुडघा, आणि तिठ्यावर उभं राहून कण्हण्याचा मान मात्र वरच्या मजल्यावर.

कुळं काय करतात ते बघा. दोन मूत्रपिंडं, एकेक मुठीएवढं. दिवसाकाठी दोघी मिळून साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात तेव्हा आपण मागीलदारी 200 लिटरचं निळं पिंप भरून ठेवतो आणि त्यावर घरात चार वेळा भांडणं होतात. जवळजवळ तेवढं पाणी ह्या दोघी रोज गाळतात, त्यातलं कामाचं सगळं परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर तेवढं बाहेर टाकतात. पाण्याचा इतका चोख हिशेब मी कुठल्याही नळपाणी योजनेत पाहिलेला नाही.

यकृताची ओळख आपल्याला रविवारी मटणाच्या दुकानात होते, कलेजी म्हणून. आपल्यातही तसंच एक दीड किलोचं आहे, हे मटण घेताना कुणाच्या मनात येत नाही, आणि तेच बरं. पाचशेच्या वर कामं त्याच्या नावावर लागतात. पित्त तयार करणं, साखर साठवणं आणि लागेल तशी सोडणं, रक्त गोठवणारी द्रव्यं बनवणं, औषधांचा आणि दारूचा निचरा करणं. वर सहनशक्ती अशी, की निम्म्याहून अधिक कापून दुसऱ्याला दिलं तरी उरलेला तुकडा काही आठवड्यांत वाढून जवळपास पूर्वीएवढा होतो. इतक्या सोसणाऱ्याचा गैरफायदा कुणीही घेईल, आपण घेतोच.

स्वादुपिंड बिचारं पोटाच्या मागे दडलेलं. बहुतेकांना ते आपल्याकडे आहे हे मधुमेह झाल्यावर कळतं. माझे एक काका वर्षभर चहा बिनसाखरेचा पितात, लग्नात जिलबीकडे पाठ करून बसतात, आणि मे महिन्यात हापूसची पेटी उघडली की म्हणतात, "कलमं मी लावली, आंबा मी खाणार." ह्यात स्वादुपिंडाला कुणी विचारलं? त्याने आयुष्यभर इन्शुलिन पुरवलं, आता त्याच्याच्याने होत नाही, तरी खोताचं मागणं कमी नाही. फणसाच्या दिवसांत हीच तऱ्हा आतड्यांची. सहा-सात मीटर लांबीची लहान आतडी, तिला स्वतःच्या मज्जापेशींचं जाळं आहे, कोट्यवधींचं. मेंदूला न विचारता ती आपला कारभार हाकते. वर तोंड बरक्याचे गरे गिळत सुटलेलं असतं, आणि रात्री दोनला आतड्यांनी निषेध नोंदवला की आपण म्हणतो, "फणस बाधला." फणस कशाला बाधेल?

कधी एकाच्या संकटात भलताच भरडला जातो. जांभ्याचा चिरा उचलताना लाल विंचू पायाला डसतो. डसला पायाला, पण ते विष शरीरात अशी काही द्रव्यं उसळवतं, की हृदय थकून जातं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. कोकणात पूर्वी ह्याने फार माणसं दगावली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध ह्या रुग्णांवर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आणलं. तोवर आपण डंखावर कांदा चोळत होतो, म्हणजे ज्या कुळाचं घर जळत होतं ते सोडून तिसऱ्याच्याच दारात पाणी ओतत होतो.

राहता राहिलं हृदय. जेमतेम तीनशे ग्रॅमचं, दिवसाला लाखभर ठोके. सुट्टी नाही, गणपतीला नाही, शिमग्याला नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 ते 1939 संप केला, वर्षानुवर्षं शेतात पाऊल टाकलं नाही, आणि तरीही खोत जगले. हृदयाने पाच-सहा मिनिटं संप करावा, वरच्या मजल्यावरचे दिवे कायमचे विझू लागतात. कोण कुणाच्या जिवावर आहे हे एवढ्यावरून कळायला हवं. आणखी गंमत म्हणजे हृदयाला ठोके देण्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. तो त्याच्याच उजव्या कप्प्यातल्या पेशींच्या एका पुंजक्यातून निघतो. हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं, मज्जातंतू एकही जोडला नाही, तरी ते तिथे चालू लागतं. म्हणजे खोत बदलला तरी कूळ कामाला हजर. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व इथे लावलं, तर सातबाऱ्यावर माझं नाव कुठे लागेल, ह्याची मला काळजी वाटते. इतर हक्कात लागलं तरी पुष्कळ.

पालीपुढच्या नाणीजला नरेंद्राचार्य महाराजांच्या संस्थानाने मरणोत्तर देहदानाची चळवळ चालवली आहे, त्यामुळे आमच्याकडे हा विषय अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना शरीर शिकायला शरीरच लागतं. पण देहदान वेगळं आणि अवयवदान वेगळं. घरी शांतपणे गेलेल्या माणसाचे डोळे घेता येतात, तेही सहा तासांच्या आत. हृदय, यकृत, मूत्रपिंडं घ्यायची तर माणूस अतिदक्षता विभागात मेंदूमृत झालेला असावा लागतो. 1994च्या कायद्याने त्याला मान्यता आहे. पुढे सगळा घड्याळाचा खेळ. मूत्रपिंड बर्फात दिवसभर तग धरतं, हृदय मात्र चार ते सहा तास. आमच्या दारातल्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, त्याच्या भरवशावर हृदय मुंबईला पाठवण्याचा विचार कुणी करू नये. हेलिकॉप्टर बघावं.

अशा वेळी एक मेंदूमृत माणूस आठ जणांचे प्राण वाचवू शकतो. आयुष्यभर ज्यांनी आपल्याला पोसलं, त्या कुळांना आपल्याबरोबर सरणावर चढवायचं कारण मला तरी दिसत नाही. तेव्हा अवयवदानाचा अर्ज जरूर भरा. पण त्याआधी घरच्यांना जेवताना एकदा स्पष्ट सांगून ठेवा, कारण त्या वेळी डॉक्टर तुमची सही नव्हे, त्यांची संमती मागतात.