जॅक्सनच्या जोडीला अजून एक

एमएस्सी फिजिक्सला इलेक्ट्रोडायनॅमिक्स सुरू झालं की वर्गात एक समजूत साथीसारखी पसरते: जॅक्सन कळत नाही, कारण जोडीला दुसरं चांगलं पुस्तक नाही. मग पुण्यातली मंडळी अप्पा बळवंत चौकात चकरा मारू लागतात. ग्रिफिथ्स बीएस्सीपासून घरचाच. तो बिचारा हात धरून नेतो, पण रस्ता अवघड झाला की त्याचं बोट सुटतं. लँडाऊ-लिफ्शिट्झ यांचा दुसरा खंड अंगाने बारीक. पण सुरुवातच सापेक्षतेपासून, आणि जे उघड आहे ते सांगण्यात वेळ घालवायचा नाही असा बाणा. झँगविल भारदस्त आणि समजूतदार, मात्र बॅगेत घातला की डबा बाहेर. फाइनमनची व्याख्यानं आणि एनपीटीईएल तर फुकटच, त्यामुळे ती ‘रविवारी बघू’ या सदरात जातात.

पुस्तकं जमली की एककांचं भांडण लागतं. जॅक्सनच्या 1998च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणं एसआयमध्ये आणि अकराव्यापासून गॉसियन. लँडाऊ गॉसियन, झँगविल एसआय. एकाचं सूत्र दुसऱ्याच्या गणितात घेतलं की उत्तराला चार पाय फुटतात.

आता जॅक्सनच्या दुसऱ्या प्रकरणातला तो अर्थिंग केलेला गोळा बघा. त्रिज्या एक, केंद्रापासून दोन अंतरावर एक चार्ज. गोळ्याच्या आत, केंद्रापासून अर्ध्यावर, उलट चिन्हाचा निम्मा चार्ज आहे असं धरायचं. तिथे खरं तर काहीच नसतं! पण चार्जच्या बाजूच्या टोकाला एक वजा एक, पलीकडच्या टोकाला एक-तृतीयांश वजा एक-तृतीयांश. पृष्ठभागावर सगळीकडे पोटेन्शियल शून्य. वाचताना अगदी पटतं. पुस्तक मिटून गोळ्याच्या जागी दोन पत्रे काटकोनात उभे केले की हात थांबतो, आणि मनात येतं, यावर कुणाच्या तरी नोट्स असतीलच.

नसलेला चार्ज धरायची ही युक्ती विल्यम थॉम्सनची, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनची. पुस्तक शोधत हिंडण्यात तोही काही मागे नव्हता. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन नावाच्या गिरणीवाल्याने 1828 साली वर्गणी गोळा करून विजेच्या गणितावर एक निबंध छापला होता. शाळा नावापुरती, जवळ पुस्तकं मोजकी. तरी ज्या ग्रीन्स फंक्शनने पुढच्या सगळ्या पिढ्यांची झोप उडवली, त्याचा उगम त्याच निबंधात. थॉम्सनने त्याचा नुसता उल्लेख वाचला होता. केंब्रिजमध्ये शोध शोध शोधलं, मिळाला नाही. ग्रीन तर 1841 मध्येच वारला होता. शेवटी जानेवारी 1845 मध्ये, फ्रान्सला निघायच्या आदल्या संध्याकाळी, थॉम्सनने आपले शिक्षक हॉपकिन्स यांच्यापाशी सहज विषय काढला. त्यांच्या खोलीत प्रती पडूनच होत्या. पॅरिसमध्ये मग श्टुर्मसारखा मोठा गणिती तो निबंध बघायला थॉम्सनच्या बिऱ्हाडी आला.

आमच्याकडेही सरांना विचारायचं सुचतं ते आदल्या संध्याकाळीच. फक्त दुसऱ्या दिवशी पॅरिस नसतं, पेपर असतो.